वहिनीची न पोचलेली पत्रं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, हे तिला भेटलात तर पाच मिनिटांत कळेल. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही आमच्या घरचे नाही, म्हणूनच असेल.

आमचं घर एकोडीचं, विणकरांचं. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्या. साकोलीत दादाचं छोटं दुकान आहे. दादाचं म्हणायचं एवढंच — तो गल्ल्यावर बसून येईल त्याला चहा पाजतो, दुकान चालवते सुनंदावहिनी. मी शाळेत होतो तेव्हा ती लग्न होऊन घरात आली. पुढे हॉस्टेलवर मला तिची पत्रं यायची आणि खोलीतली पोरं ती माझ्याआधी फोडायची. कोणाची म्हैस कुठे घुसली, दादा कसा रुसला — हसून हसून पुरेवाट व्हायची. म्हणजे तिला लिहिता येतं, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. हे लक्षात असू द्या.

मी भंडाऱ्याला कॉम्प्युटरचं काम करतो. त्यामुळे घरच्यांसाठी मी इंजिनियर — मिक्सर बिघडला तरी फोन मलाच. नागपूरच्या प्रदर्शनात गिऱ्हाइकं ईमेलचे पत्ते देऊन जात, आणि त्यांना दुकानाच्या नावानं पत्र जावं ही दादाची हौस. अशी सोय विकतही मिळते. पण मी ऐटीत म्हणालो, "कायले पाहिजे दुसऱ्याची? आपलाच मेल सर्व्हर बसवतो." आपलं पोस्ट ऑफिस, आपल्याच दुकानात! साड्यांच्या कपाटामागे एक जुना कॉम्प्युटर मांडला. दादानं त्याला हार घातला, नारळ फोडला. मी माझ्याच पत्त्यावर एक पत्र पाठवलं, ते आलं, आणि पेढे वाटले गेले.

आलं खरं — पण कुठे? स्पॅममध्ये. नको असलेल्या पत्रांच्या ढिगात. मी ते गुपचूप बाहेर काढलं, 'हे स्पॅम नाही' असं बटण दाबलं, आणि त्यानंतरची सगळी चाचणीची पत्रं बिनबोभाट येऊ लागली. येणारच ना? माझ्या पेटीला मीच पढवून ठेवलं होतं! इंटरनेट कंपनीकडून आपल्या लाइनवर दुकानाचं नाव लावून घ्यावं लागतं, नाहीतर समोरचे सर्व्हर आपल्या पत्रांकडे संशयानं बघतात — हे मला माहीत होतं. पुढच्या खेपेला करू म्हटलं. राहून गेलं.

वहिनी लिहू लागली. प्रत्येकाला वेगळं पत्र. तुम्ही हात लावून परत ठेवलीत ना, त्या करवतकाठी साडीचा रंग पळसाच्या फुलांचा आहे, ती विणणाऱ्या मावशी मागावर बसल्या की कोणाशी बोलत नाहीत — असं काय काय. उत्तर एकाचंही नाही. पावसाळा आला, धानाची रोवणी आटोपली, तरी नाही. तिची पत्रं आखूड होत गेली. मावशी गेल्या, पळस गेला, नुसता भाव उरला. एका रविवारी तिनं मला कागद दाखवला. "माह्या लिहिण्यातच खोट असन, भाऊजी. तुम्ही जरा पाहून द्या ना."

मी पाहून दिलं. दोनचार शब्द इकडचे तिकडे केले — उगाच, काही तरी केलं पाहिजे म्हणून.

त्याच दुपारी दुकानातला फोन वाजला. दादा-वहिनी जेवायला घरी गेले होते, मी उचलला. पुण्याच्या एक बाई. म्हणाल्या, तुमचं ते पळसाच्या रंगाचं पत्र आज स्पॅममध्ये सापडलं, इतकं गोड पत्र कोणी लिहिलं हो? म्हणजे सगळीच पत्रं तिथे जाऊन पडत होती. फोन ठेवला आणि इंटरनेट कंपनीच्या मागे लागून दुकानाच्या नावाची ती राहिलेली नोंद करून घेतली. चूक निस्तरली. पण बोललो का? नाही. दादाच्या हारातली सुकलेली फुलं अजून त्या कॉम्प्युटरवर होती — त्यासमोर कसं सांगणार होतो, की इंजिनियर कच्चा निघाला?

आणि मग उत्तरं येऊ लागली. येणारच. पण वहिनीला वाटलं, माझे शब्द लागले. दादा येईल त्याला सांगू लागला, "प्रशांतनं हात लावला अन् पत्रं चालाले लागली." वहिनीनं तर माझ्यासाठी खास अनारसे केले. तिला इतका आनंद झाला होता — माझ्याबद्दल! मी अनारसे खाल्ले.

तेव्हापासून मला दाखवल्याशिवाय ती एक ओळ पाठवत नाही. त्या ओळीत दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, तरी मी एखादा शब्द बदलतोच. नाही बदलला तर तिला शंका येईल ना? माझी ही वहिनी, जिच्या पत्रांवर मी हॉस्टेलचे दिवस काढले, तिला लिहिता येत नाही असं मी तिला पटवलं आहे.

गेल्या महिन्यात विणकर बायकांच्या गटातल्या दोघी दुकानात आल्या. आपल्या साड्यांवर पुस्तिका काढायची, लिहाल का, म्हणून वहिनीला विचारायला. ती हसली. "नाही बाई, मले कुठं लिहिता येते? आमच्या भाऊजीले सांगा, ते झकास लिहितात."

मी समोरच बसलो होतो. मी हो म्हणालो. वहिनी खूश झाली आणि तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला.