गेरूच्या थराखाली

परिपाठ संपला की आमचे गुरुजी फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं एक चौकोन आखायचे आणि त्यात रोज एक नवी गंमत लिहायचे. हत्तीला उडी मारता येत नाही. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. गोदावरी त्र्यंबकजवळ उगम पावते, तिथून पश्चिमेचा समुद्र अगदी जवळ, तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि अर्धा देश ओलांडून पूर्वेच्या समुद्राला मिळते. चांदवडजवळच्या आमच्या गावात पाठ्यपुस्तकांखेरीज वाचायला काही नव्हतं. आमच्या घरात तर माझ्याआधी कुणी शाळेची पायरीच चढलं नव्हतं. जग केवढं आहे ते मला प्रथम त्या चौकोनातून कळलं, आणि त्यासाठी गुरुजींची मी कायमची कृतज्ञ आहे. पण त्याच चौकोनानं मला आयुष्यातली पहिली मोठी भीतीही दिली, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

मी पाचवीत होते. दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी चौकोनात आलं, ‘आपण लाव्हारसावर राहतो.’

गुरुजींनी आम्हाला खिडकीतून डोंगर दाखवले. आमच्याकडचे डोंगर माथ्यावर सपाट आणि अंगावर पायऱ्या पायऱ्यांचे. ते म्हणाले, ही प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हारसाचा एकेक थर. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून तो रस वर आला, पसरला, थंड होऊन काळा खडक झाला. मग पुन्हा आला. मधल्या काळात खडकावर माती तयार व्हायची, आणि पुढचा रस त्या मातीवरून वाहिला की माती भट्टीतल्या विटेसारखी भाजून लाल व्हायची. "घाटात रस्ता फोडलाय तिथं काळ्या दगडात मध्येच तांबडा पट्टा दिसतो ना? तोच. गेरू म्हणतो आपण त्याला."

हे कोट्यवधी वर्षांपूर्वी झालं, असंही ते नक्की म्हणाले असणार. पण पाचवीतल्या मुलीला कोटी म्हणजे काय कळणार? आजोबांच्या आधी कधीतरी, एवढाच अर्थ मी घेतला.

शिवाय ते वर्षच वाईट होतं. गणपती बोळवले त्या रात्रीनंतरच्या पहाटे लातूरकडे भूकंप झाला होता. आमच्या गावाला काही झालं नव्हतं, पण रेडिओवरच्या बातम्या ऐकून लोक कितीतरी दिवस अंगणात झोपले. भांडं पडलं तरी बाया दाराकडे धावायच्या. त्यात आमच्या भागात विहिरींची कामं चालू होती. संध्याकाळी कुठून तरी "सुरुंग हायऽ" अशी आरोळी यायची, मग धप्पकन आवाज, आणि फळीवरची ताटं थरथरायची. ती थरथर सुरुंगाची हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे.

हे सुरुंग लावणाऱ्यांत माझे वडील होते. आप्पा विहिरी खोदायचे. पाच-सहा माणसांची त्यांची टोळी होती आणि लोक त्यांना मिस्तरी म्हणायचे. संध्याकाळी खडक फोडायचा, सकाळी उतरून फुटलेला दगड लोखंडी बादलीत भरायचा, आणि काठावरच्या यारीनं तो वर ओढायचा. यारी म्हणजे डिझेल इंजिनावर चालणारं, लांब हाताचं, तारेनं ओझं उचलणारं यंत्र. माणसंही त्याच बादलीतून खाली-वर करायची.

तेव्हा त्यांचं काम शाळेच्या वाटेवरच्या एका मळ्यात होतं. मालकाला सगळे तात्या म्हणायचे. शाळेत जाता जाता मी आप्पांची भाकरी तिथं पोचवायचे. गुरुजींनी लाव्हारस सांगितल्यावर आठवडाभरात असेल, मी भाकरी घेऊन गेले तर यारीच्या पलीकडचा ढीग बदललेला होता. रोज काळा दगड असायचा. त्या दिवशी त्यावर लाल माती पडली होती. फुटलेल्या विटेसारखी लाल.

मी तिथंच उभी राहिले. यारी चालवणारे काका म्हणाले, "काय बघती गं? गेरू हाय त्यो. खाली पट्टा लागलाय."

मला पुढचं सगळं दिसलं. भाजलेली माती लागली म्हणजे भाजणारं जवळच आहे. चुलीत खापर जितकं खाली, तितकं लाल. आणि आप्पा खाली होते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर निघाले. थंडी खूप होती. मळ्यात पोचले तर विहिरीतून वाफ निघत होती. पांढरी, संथ, भाताच्या पातेल्यातून निघते तशी. काठावर माणसं शेकोटीला हात धरून बसली होती आणि कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. मी भाकरी ठेवली आणि पळत सुटले ती शाळेत जाऊन थांबले.

गुरुजी वर्ग उघडत होते. मी विचारलं, "गुरुजी, तो रस आता पूर्ण गार झालाय ना?"

"आपल्या पायाखालचा खडक? पूर्ण."

"आणि त्याच्या खाली?"

गुरुजी खोटं बोलत नसत. माझ्या शिक्षणाचं भाग्य ते हेच, आणि त्या सकाळचं दुर्दैवही तेच. ते म्हणाले, "अगदी खोल गेलं तर पृथ्वीच्या पोटात अजून उष्णता आहेच. पण ते फार खोल."

"विहिरीएवढं?"

"छे गं. कितीतरी मैल." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून हसले. "चांगला प्रश्न विचारलास."

मला वाटलं, गुरुजींना मैलांचं ठाऊक आहे, पण तात्यांच्या विहिरीचं कुठं ठाऊक आहे? ते तिथं आले नव्हते. त्यांनी वाफ पाहिली नव्हती.

त्यानंतर माझं जेवण सुटलं. वर्गात बसले की कान बाहेर लागायचे. दुपारी मधल्या सुट्टीत मळ्यापर्यंत धावत जाऊन यारीचं इंजिन चालू आहे का ते ऐकून यायचे. इंजिन चालू म्हणजे माणसं जिवंत, असा माझा हिशेब. एका दुपारी ते बंद होतं आणि मला रस्त्यावरच उलटी झाली. डिझेल संपलं होतं, एवढंच. आईनं दृष्ट काढली. मग अंगारा लावला. मी काही सांगत नव्हते, कारण बोललं की खरं होईल असं मला वाटत होतं.

शेवटी आप्पांनीच विचारलं. रविवार होता, ते कामाला निघाले होते आणि मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं होतं.

"काय झालं बाळा? सांगून टाक."

मी सगळं सांगितलं. फळ्यावरचा चौकोन, भेगा, वीट, गेरू, वाफ. आप्पा हसले नाहीत. त्यांना शाळा म्हणजे देवळासारखी वाटायची. तिथून आलेली गोष्ट ते हसण्यावारी नेत नसत. माझ्याजवळ बसून म्हणाले, "गुरुजी म्हणत्यात तर आसंल तसं. पण वाफेचं मला ठाव हाय. थंडीत समदीच विहीर वाफ सोडती. खाली ऊब असती, वर गार. तोंडातून निघती ना, तशी." मग म्हणाले, "तू चल. स्वतः हात लावून बघ. मंग तुला जेवण जाईल."

आई नको म्हणत होती. पण मी गेले.

यारीवाले काका आम्हाला बघून म्हणाले, "मिस्तरी, पोरीला बी कामाला लावता का काय? का गुरुजीनं विहिरीचा पेपर ठेवलाय?"

"सावकाश सोड," आप्पा म्हणाले.

बादलीत उभं राहून मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. पाय जमिनीवरून सुटले. आधी मुरूम दिसला, मग काळा खडक, त्यात कुठं कुठं पांढऱ्या गारगोट्यांचे चमकणारे खळगे. वरचं आभाळ थाळीएवढं झालं. इंजिनाचा आवाज लांब गेला आणि आमच्या श्वासाचा मोठा झाला. मग तो लाल पट्टा आला. पुरुषभर उंचीचा, विहिरीच्या चारी अंगांनी फिरलेला. वर काळा खडक, खाली काळा खडक, आणि मध्ये हा, कापलेल्या मांसासारखा. तळ त्याच्या थोडाच खाली होता.

आप्पांनी मला तळावर उतरवलं. "लाव हात."

मी लावला. खडक गार नव्हता. कोमट होता. मी हात मागे ओढला. आप्पांनी माझा हात आपल्या हातात घेऊन पुन्हा खडकावर दाबला. "वरनं आलीस गारठून, म्हणून कोमट लागतोय. थांब जरा." आम्ही थांबलो. हात ऊब धरू लागला तसा खडक गार लागायला लागला. मला ते कळत होतं, तरी विश्वास बसत नव्हता. मी सरळ त्या लाल पट्ट्याशी गेले. भाजलेली माती होती ती, खरं काय ते तीच सांगेल असं वाटलं. नखानं उकरलं.

मुठीएवढा तुकडा सुटून हातात आला. ओला होता. माझी बोटं लाल झाली, आणि त्या खळग्यातून पाण्याचा एक ओघळ निघून खडकावरून खाली आला.

मी खूश झाले. पाणी असेल तिथं विस्तव कसा असणार? मी आप्पांकडे वळून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पाहून माझा आनंद गेला.

त्यांनी पट्ट्यावर ठिकठिकाणी बोट दाबून पाहिलं. एका जागी बोट पेरापर्यंत आत गेलं. मग त्यांनी वर पाहिलं. पट्ट्यावर टेकलेल्या काळ्या खडकाकडे.

"काल कोरडा होता," ते हळू म्हणाले. मोठ्यानं बोललं तर काही पडेल, असं. मग मला उचलून बादलीत ठेवलं. "घट्ट धर. हालू नको."

"तुम्ही?"

"दोघांच्या वजनानं बादली हेलकावती. भिताडाला लागाया नको. तू जा आधी."

मी वर गेले. आजही कधी लिफ्ट मधेच थांबली तर मला तीच वेळ आठवते. वर आल्यावर काकांनी मला बाजूला ओढून बसवलं आणि बादली परत सोडली. ती आत दिसेनाशी झाली. तार सैल पडली, तशीच राहिली. मला वाटलं, आता काही तरी आवाज येईल. लाव्हारसाची भीती तोवर कुठल्या कुठे गेली होती. मला फक्त तो काळा खडक दिसत होता, ओल्या मातीवर बसलेला. मग तार ताठ झाली आणि आप्पांचं डोकं वर आलं. ते काठावर उतरले, उकिडवे बसले आणि पाणी मागितलं.

तात्या आले होते. "काय झालं मिस्तरी? काम का थांबलं?"

"गेरू ओलावलाय तात्या. वरला खडक घसरंल. आधी चारी अंगानं दगडी बांध घालावा लागंल. मंग पुढं खांदायचं."

"आता पाणी लागायच्या टायमाला?" तात्या माझ्याकडे बघून हसले. "पोरीला घेऊन गेला अन् तिच्यासंगं भिऊन वर आला व्हय?"

"भ्यालो," आप्पा म्हणाले.

"येवढ्या विहिरी केल्या तू, अन् आज भ्याला?"

"रोजच भितो. आज जास्ती."

मी आप्पांकडे पाहत राहिले. रोज सकाळी टोपी घालून निघणारे, संध्याकाळी आमच्याशी थट्टा करणारे आप्पा रोज भीत होते आणि रोज उतरत होते. मला धीर यायला हवा होता. उलट मी त्यांच्या सदऱ्याचं टोक पुन्हा घट्ट धरलं.

तात्या हट्टी होते, पण वाईट नव्हते. "मीच बघतो," म्हणाले आणि धोतर सावरत बादलीत उभे राहिले. काकांनी त्यांना सोडलं. थोड्याच वेळात खालून हाक आली, "घे घे, वर घे." वर आले तेव्हा त्यांचं बोट लाल होतं. ते मळ्याच्या बांधावर जाऊन उभे राहिले, आणि मग तिथूनच म्हणाले, "सिमेंट किती लागंल ते सांग."

बांध घातला गेला. पुढं पाणी लागलं, भरपूर लागलं, आणि विहिरीचा तळ बुडाला तेव्हा मला बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवण गेलं. मी वर आणलेला गेरूचा तुकडा गुरुजींनी शाळेच्या कपाटात ठेवायला मागितला.

पण आप्पांनी लगेच पुढची विहीर घेतली. मग त्याच्या पुढची. मी त्या विहिरींवर शिकले. चांदवडला दहावी झाले, नाशिकला येऊन भूगोल घेऊन बी. ए. केलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. वसतिगृहाजवळच्या बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावायचा, दुकानदार आईला हाक मारायचा. आईनं ‘कशी आहेस’ म्हणायच्या आत मी विचारायचे, "वर आलेत का?" भूगोलाच्या तासाला आमचे प्राध्यापक दख्खनच्या पठाराचा छेद फळ्यावर काढायचे, काळा थर, लाल थर, काळा थर. बाकीची मुलं वहीत उतरवून घ्यायची. मला त्या लाल रेषेखाली नेहमी एक माणूस उभा दिसायचा.

बी. एड. झाल्यावर, दोन हजार सालानंतर मला शाळेत नोकरी लागली. मी पहिल्यांदा आप्पांना सांगितलं, आता उतरू नका. तेव्हा त्यांचं काम देवळा गावाकडे चालू होतं.

"येवढी पुरी करतो," ते म्हणाले. "अर्धी सोडली तर दुसरा कुणी उतरंल. त्याला कुठला थर कसा हाय ते ठाव नसणार."

नव्या नोकरीचे ते दिवस मी मुलांना शिकवत होते, हजेरी घेत होते, आणि जीव देवळ्याला टांगलेला होता. कार्यालयातला फोन वाजला की खडू हातातच राहायचा.

एका दुपारी शिपाई बोलवायला आला. मी फोन उचलला. पलीकडे आप्पा होते, गावातल्या दुकानातून. ते फोनवर कधी बोलत नसत. त्यांना त्या यंत्रात काय बोलावं ते सुचत नसे.

"पाणी लागलं," ते म्हणाले. "मी वर हाय."

"आता?"

"आता नाय उतरायचो."

मी खुर्चीवर बसले. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागे आई सांगत होती, झालं ना बोलून, ठेवा आता. पण त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही नाही.