कॅबिनेट ठरेपर्यंत

घरात नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा बाईंना वाटलं, चला, आठवडाभरात सुटलो. नवरा कारखान्याच्या खरेदी विभागात होता, सगळी हयात वस्तू पारखण्यात गेलेली. बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे खरेदीसाहेबच म्हणत. नोकरी सुटली तरी नाव सुटलं नव्हतं. कुणाला पंखा घ्यायचा असो की पायपुसणं, आधी खरेदीसाहेबांचं मत. असा माणूस घरात असताना काळजी कसली?

काळजी होती ती बाईंच्या कामाची. त्या एका मोठ्या दवाखान्यासाठी घरी बसून टायपिंग करत. पेशंट तपासून झाल्यावर डॉक्टर मंडळी तोंडातल्या तोंडात जे पुटपुटत, त्याचं रेकॉर्डिंग बाईंकडे येई आणि बाई कानाला हेडफोन लावून ते टाइप करत. एक डॉक्टर तर तोंडात गरम बटाटा धरल्यासारखे बोलत, पण बाईंना त्यांचंही कळे. घर या कामावर चालत होतं, आणि जुना कॉम्प्युटर आता मधेच मान टाकायला लागला होता. एकदा तो अख्ख्या दुपारचं टायपिंग गिळून बसला. तेव्हा दवाखान्यातल्या मॅडमनी बजावलं, असं पुन्हा चालणार नाही. काम घरातच दोन ठिकाणी साठवून ठेवा, बाहेर कुठे ठेवू नका, पेशंटची माहिती आहे.

मग साहेबांनी जाहीर केलं की दोन्हीचं मिळून एकच यंत्र करायचं. बाईंचं टायपिंगही त्याच्यावर आणि ते साठवून ठेवणारा घरचा सर्व्हरही तोच. आत दोन डिस्क, एक गेली तरी दुसरी आहे. तयार घ्यायचं नाही, एकेक पार्ट निवडून जोडायचं. मात्र कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या फटीत ते मावलं पाहिजे आणि त्याचा आवाज येता कामा नये, नाहीतर बटाटेवाले डॉक्टर ऐकू कसे येणार? हे सांगताना साहेब ताठ बसले होते. त्या दिवशी दाढीही केली होती. बाईंना फार बरं वाटलं.

आणि दळण सुरू झालं. छोटं कॅबिनेट, म्हणजे बाहेरची पेटी, घ्यावं तर प्रोसेसर गार ठेवणारा कूलर आत मावेना. बुटका कूलर घ्यावा तर प्रोसेसर तापणार. कमी तापणारा प्रोसेसर घ्यावा तर त्याला चालेल असा मदरबोर्ड छोट्या मापात मिळेना. तो मिळाला तर दुसऱ्या डिस्कची जागा पॉवर सप्लायच्या वायरींनी खाल्लेली. की पुन्हा कॅबिनेटपासून श्रीगणेशा. साहेबांनी बुटांचे खोके कापून प्रत्येक पार्ट खऱ्या मापाचा, पुठ्ठ्याचा केला आणि जेवायच्या टेबलावर ते पार्ट एकमेकांत बसवून बघत बसले. दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली. बाई म्हणत, याच्यावर टाइप करता आलं असतं तर सोन्याहून पिवळं. साहेबही हसत. मग म्हणत, पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय, थोडं थांबू.

हे थांबणं कुठून आलं ते बाईंना ठाऊक होतं. कारखान्यात वाफेच्या पाइपवर साहेबांनी खरेदी केलेला एक व्हॉल्व्ह होता. तिथे वाफ सुटली आणि एका फिटरचे दोन्ही हात भाजले. चौकशी झाली. व्हॉल्व्हमध्ये दोष नव्हता, बसवताना चूक झाली होती, असं स्पष्ट निघालं. सगळ्यांनी साहेबांना मोकळं केलं, साहेबांनी स्वतःला केलं नाही. राजीनामा देऊन घरी आले. तेव्हापासून भाजीवाल्यासमोरही या माणसाच्या तोंडून ‘हे द्या’ निघत नसे. लोकांना सल्ला मात्र छान देत, कारण घेणारे हात दुसऱ्याचे असत.

एकदा बाईंनी त्यांना हट्टाने दुकानात नेलं. दुकानदार मोठा उरकणारा होता. त्याने सगळे पार्ट काउंटरवर मांडले, सगळं एकमेकांत बसतंय हे दाखवलं, बिलाला हात घातला. साहेबांनी पॉवर सप्लाय उचलला, उलटसुलट केला आणि विचारलं, हा तापून काही झालं तर जबाबदारी कुणाची? दुकानदार हसून म्हणाला, काका, काही जळत नाही हो. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. तो खोका त्यांनी हळूच खाली ठेवला आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

बाईंना तेव्हाच सगळं उचलून आणता आलं असतं. पैसे त्यांच्याच पर्समध्ये होते. पण आणलं असतं तर ‘तुमच्याने काही होत नाही’ असं नवऱ्याला तोंडावर सांगितल्यासारखं झालं असतं. एवढं एक यंत्र त्यांच्या हातून पुरं होऊ दे, की माणूस उठून उभा राहील, असं बाईंनी मनाशी धरलं होतं. त्या काहीच न घेता त्यांच्यामागून बाहेर आल्या.

जुना कॉम्प्युटर शेवटी एका सकाळी उठलाच नाही. ऑपरेशनच्या पेशंटचे रिपोर्ट त्याच्यातच अडकले. मॅडम फोनवर गोडच बोलल्या, बाईंच्या कामाची तारीफही केली, आणि काम दुसऱ्या कुणाला दिलं. बाई आठवडाभर वणवण फिरल्या. शेवटी एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरी घड्या करण्याचं काम मिळालं. दिवसभर उभं राहायचं. वर्षानुवर्षं कमावलेल्या कानांचा तिथे काही उपयोग नव्हता.

हे सगळं साहेबांना सांगायचं बाई टाळत आल्या होत्या, ते एका संध्याकाळी सांगून टाकलं. सांगितल्यावर साहेब रडतील, स्वतःला दोष देतील, म्हणून समजुतीचे चार शब्दही जुळवून ठेवले होते. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

“म्हणजे टायपिंग आता नाहीच?”

“नाही.”

“मग एवढा मोठा प्रोसेसर कशाला? साठवणीपुरतं बघू. सगळा हिशोबच बदलला.” त्यांनी पुठ्ठ्याचा प्रोसेसर बाजूला ठेवला. “आणि आता घाईही नाही.”

असं म्हणून त्यांनी लांब श्वास सोडला. खांदे खाली आले. वाफेच्या त्या दिवसापासून ताणलेला चेहरा बाईंनी आज पहिल्यांदा सैल पडलेला पाहिला. आणि बाईंना कळलं. या माणसाला यंत्र नकोच होतं, ते कधी येऊ नये एवढंच हवं होतं, आणि तेवढ्यासाठी आपण आपलं काम घालवून बसलो. जुळवून ठेवलेले शब्द आता कुणालाच लागणार नव्हते. राग यायला हवा होता, तोही आला नाही. नुसता थकवा आला.

“नाही, घाई नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सावकाश बघा.”

“बघतो,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी बाईंना दिवा थोडा पुठ्ठ्यांजवळ सरकवायला सांगितलं. बाईंनी सरकवला.