मागून चालणारी मैत्रीण

काल बसथांब्याकडे जाताना शाळेच्या दोन मुली दिसल्या. पुढचीच्या स्कर्टवर डाग पडला होता आणि दुसरी तो झाकत तिच्या अगदी पाठीला चिकटून चालत होती. "चल गं, मी आहे ना मागे," ती हळूच म्हणाली.

तेव्हापासून मला चैन नाही. आठवीत असताना माझ्या बाकावर बसणारी सुनंदा शाळा सुटल्यावरही बाकावरून उठेना. मला कारण कळलं होतं. तरी लाजून मी दप्तर उचललं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्या बाकावर बसू लागली.

आज लेकीला म्हटलं, "दप्तरात एक पॅड जास्तीचं ठेव, मैत्रिणीला लागलं तर."

"अगं आई, आम्ही सगळ्याच ठेवतो," ती सहज म्हणाली.

मला बरं वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली.