लॉनमधला लोखंडी सापळा

माझा राग पहिल्यापासून नाकावर. आई म्हणायची, "हा रागावला की जेवण नाही सोडत, बोलणं सोडतो." घरात सगळे त्यावर हसायचे. पण दुबईपलीकडच्या रास अल खैमात माझ्या या अबोल्यापायी एका माणसाचा हात कामातून गेला. म्हणून लिहायला बसलोय.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मी सांगलीकडचा, शेतकी डिप्लोमा केलेला, वय चोवीस. एका कारखान्याच्या साहेबलोकांच्या कॉलनीत बाग सांभाळायची नोकरी मिळाली. हाताखाली एकच माळी, पेशावरकडचा पठाण, पन्नाशी उलटलेला. सगळे त्याला चाचा म्हणत, मीही म्हणे. मला इंग्रजी लिहिता यायचं म्हणून तो मला मास्टरजी म्हणायचा. सकाळी तो लॉनवर उकिडवा बसून पुढे पुढे सरकायचा आणि जागोजागी उजव्या हाताची दोन बोटं मातीत खुपसून बघायचा. पाणी कुठे पोचलं, कुठला स्प्रिंकलर तुंबलाय, ते बोटांवरूनच सांगायचा. माझ्याकडे ओल मोजायचं यंत्र होतं. ते चुकायचं, चाचा नाही.

मोठ्या साहेबांच्या बंगल्यासमोर आम्ही नवं लॉन धरलं होतं. तिथे एकाएकी मातीचे ढीग दिसायला लागले, गवताखालून जमीन पोकळ झाली. साहेब म्हणाले, "मोल्स!" त्यांच्या देशातलं, जमिनीखाली बिळं करणारं जनावर. इथे वाळवंटात ते कुठलं असणार? हे होते शेपटीला गोंडा असलेले वाळूतले उंदीर. पण साहेबांना कोण सांगणार! पंधरा दिवसांनी, शनिवारी, कंपनीचे मालक त्या लॉनवर जेवायला येणार होते. साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि सांगितलं, "हे निस्तरलं नाही, तर तुमच्यापैकी एकाचं तिकीट काढतो. खलास."

माझ्या पाचावर धारण बसली. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि घरात कमावता मी एकटा. चाचा तिथे अठरा वर्षं राबत होता. मुलुखात त्याच्याकडे एक वीतभर जमीन नव्हती, आणि घरी पाच माणसं त्याच्यावर. दोघांनाही जायचं नव्हतं.

विष घालायची सोय नव्हती, साहेबांच्या मॅडमच्या मांजरी मोकळ्या फिरायच्या. उंदीर चिकटवायच्या गोंदाच्या पाट्या आणल्या, तर दुपारपर्यंत त्यांच्यावर वाळू बसली आणि त्या पापडासारख्या कोरड्या पडल्या. पिंजरे लावले, आत खजूर ठेवला, तर खजुराला मुंग्या आणि पिंजऱ्यात मॅडमची मांजर. मग साहेबांनी सुट्टीवरून आणलेले मोलचे सापळे काढून दिले. लहानसे, बिळाच्या आत बसवायचे. ते लावायचं तंत्र मी पुस्तकातून शिकलो. आधी सगळे ढीग पायाने दाबून सपाट करायचे. दुसऱ्या दिवशी जो पुन्हा वर येईल, त्याचंच बीळ वाहतं, म्हणजे उंदरांच्या जाण्यायेण्यातलं. तिथली माती अलगद उकरायची, हातमोजे त्याच मातीत चोळून घ्यायचे, सापळा बिळाच्या तळाशी टेकवायचा आणि वरून गवताचा ढपला असा झाकायचा की आत उजेड जाणार नाही. आठवड्यात सापडले दोन. ढीग मात्र वाढतच होते.

चाचा म्हणाला, "मास्टरजी, छोड दो ये सब. आपण बिळात पाणी सोडू, चार दिवस रोज सोडू. ते आपणहून कुंपणापलीकडे जातील. बेजुबान जानवर है."

मी दीडशहाणा. म्हणालो, "चाचा, डिप्लोमा तुम्ही केलाय की मी?" चार माणसांसमोर म्हणालो. तो फावडं उचलून गेला. वाईट त्याला वाटायला हवं होतं, आणि रुसलो मी! त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. काम सांगायचं तर ड्रायव्हरकडून निरोप धाडायचो. किती पोरकटपणा, अरे देवा!

त्याच रागात मी जुन्या बाजारात गेलो आणि एका लोखंडाच्या दुकानातून कोल्ह्यासाठीचा सापळा आणला. पस्तीस दिरहम, म्हणजे तेव्हाचे सव्वातीनशे रुपये. दातेरी जबडा, स्प्रिंग अशी की पायाने दाबल्याशिवाय उघडायची नाही. उंदराला कोल्ह्याचा सापळा कशाला, हे दुकानदाराने विचारलंसुद्धा. मला चाचाला दाखवून द्यायचं होतं, दुसरं काय! कोपऱ्यातलं मुख्य बीळ रुंद करून तो पुरला आणि शेजारी लाल चिंधी बांधलेली काडी रोवली. तसा कॉलनीतला नियमच होता, जमिनीत काही पुरलं की लाल चिंधी.

गुरुवारी मॅडम आल्या. परवा पाहुणे येणार आणि लॉनवर या चिंध्या कसल्या, काढा म्हणाल्या. मी सगळ्या काड्या उपटल्या. लहान सापळे काढून घेतले, मोठा ठेवला. एक रात्र आणखी, सापडला तर सापडला. चाचा तिथून वीस पावलांवर पाइप गुंडाळत होता. हाक मारून सांगायला किती वेळ लागला असता? तोंडापर्यंत शब्द आला होता. पण आमचा अबोला होता ना! मनात म्हटलं, उद्या शुक्रवार, सुट्टी, कोण कडमडायला येतंय.

चाचा आला. जुम्म्याची नमाज झाली आणि तो खोलीवर न जाता लॉनवर आला. त्याच कोपऱ्यात गवत पिवळं पडलेलं त्याने आदल्या दिवशी पाहिलं होतं. पाहुण्यांसमोर माझी फजिती होऊ नये, म्हणून आला होता. हे मला ड्रायव्हरने नंतर सांगितलं.

त्याची किंकाळी मी खोलीतून ऐकली. धावत गेलो. जबडा उघडायला मला आणि वॉचमनला, दोघांना त्याच्यावर उभं राहावं लागलं. चाचा माझ्याकडे बघून एकच म्हणाला, "मास्टरजी, यहाँ निशान नहीं था." इतक्या दिवसांनी तो माझ्याशी बोलला, तो एवढंच. हॉस्पिटलात दोन बोटं कापली. उरलेल्या हाताने फावडं काही धरता येणार नव्हतं.

शनिवारचं जेवण झालं, छान झालं. रविवारी साहेबांनी मला बोलावून अपघाताचा फॉर्म पुढे केला. चूक कोणाची, ते लिहायचं होतं. "माळ्याला जागा माहीत होती का?" त्यांनी विचारलं. एवढाच प्रश्न. नाही म्हटलं असतं तर मी विमानात बसलो असतो. बहिणीचं लग्न डोळ्यांपुढे आलं, असं मी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला सांगत राहिलो. खरं सांगतो, लग्नबिग्न काही आठवलं नाही. फक्त भीती वाटली. मी लिहिलं, माळ्याला जागा दाखवलेली होती, तशी सूचनाही दिलेली होती, तरी त्याने निष्काळजीपणे हात घातला.

त्याच्यावर चाचाचा अंगठा हवा होता. फॉर्म घेऊन मी त्याच्या खोलीवर गेलो. तो खाटेवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. मला बघून उठायला लागला. "क्या लिखा है, बेटा?" म्हणाला. मास्टरजी नव्हे, बेटा.

मी म्हणालो, "इलाज का कागज है, चाचा."

त्याने डावा अंगठा पुढे केला. शाई मीच लावली आणि अंगठा धरून कागदावर मीच टेकवला. "तूने लिखा है तो ठीक ही लिखा होगा," तो म्हणाला.

चूक त्याचीच ठरली, त्यामुळे भरपाई नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. निघायच्या सकाळी पिकअपपाशी सगळे निरोप द्यायला जमले. मी मागे उभा होतो. चाचानेच गर्दीतून मला शोधून काढलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या पोराने माझा कागद लिहिला, म्हणून माझा इलाज झाला. नाहीतर अनपढ आदमी को कौन पूछता है." मग बँडेज बांधलेला हात त्याने माझ्या डोक्यावर ठेवला आणि दुवा दिली. अल्ला तुझी रोजी सलामत ठेवो, तुझे हात सलामत ठेवो.

सगळे म्हणाले, आमीन. मग माझ्याकडे बघत थांबले. आणि मीही म्हणालो, आमीन.