बालवाडीत साप पडला, त्याची गोष्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा अंगावर सांडेल! अख्ख्या वारज्यात मला अजून 'सापवाले बाबा' म्हणतात, आणि दोष सर्वस्वी माझा आहे.

आमची ओवी चार वर्षांची. गोष्ट सांगायला लागली की शेवट आधी, सुरुवात गायब! तिच्या बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "आधी काय झालं, मग काय झालं, एवढंच विचारा. आणि थांबा. तिचं तिला जुळवू द्या."

थांबा? मी? मला लाल सिग्नललासुद्धा थांबवत नाही हो!

त्याच संध्याकाळी ओवी म्हणाली, "साप पडला. अर्णव ओला झाला. बाई ओरडल्या."

माझं बिस्कीट चहात बुडालं.

"साप? वरून पडला?"

"हो."

"मोठा होता?"

"एवढ्ढा!" दोन्ही हात ताणून.

"फणा काढला त्याने?"

"हो!"

"आणि घाबरून अर्णवला शू झाली?"

"हो!" ओवी आता भलतीच खुशीत.

स्वयंपाकघरातून माझी बायको केतकी ओरडली, "अरे, गोष्ट ती सांगतेय की तू?"

पण मी कुठला ऐकतोय! लगेच पालकांच्या ग्रुपवर टाकलं, 'वर्गात छतावरून नाग पडला. अर्णवला शू झाली.' पाच मिनिटांत नागाची जोडी झाली. दहा मिनिटांत अंडी!

सकाळी फाटकाशी वीस पालक, शिवाय कुणीतरी बोलावलेला सर्पमित्र, काठी आणि पोतं घेऊन. सगळ्यांत पुढे कोण? अस्मादिक!

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आत गेल्या आणि साप घेऊन आल्या. हिरवे पायमोजे जोडून शिवलेला, लांबलचक. डोळ्यांच्या जागी शर्टाची बटणं.

"गोष्टीच्या तासाला दोरीवर टांगला होता. सुटला आणि अर्णवच्या उघड्या बाटलीवर पडला. पाणी त्याच्या अंगावर. मी ओरडले, 'अरे, झाकणं लावा!'"

सर्पमित्राने साप उलटसुलट करून पाहिला. "बिनविषारी आहे," म्हणाला.

वीस माना माझ्याकडे वळल्या. अर्णवच्या आईचा चेहरा तर विचारूच नका!

"ओवीची तिन्ही वाक्यं खरी आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "फणा कुणाचा?"

"माझा," मी पुटपुटलो.

"शनिवारी पालकांसाठी वर्ग ठेवतेय. मुलांचं ऐकायचं कसं, या विषयावर."

"अरे वा! किती पालक येणार आहेत?"

"सध्या तरी तुम्ही एकटेच."