मामांचं न दिसणारं सिम

माझ्या बायकोच्या मामांइतका दमवणारा माणूस उभ्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याची माझी ओळख होऊ नये एवढीच माझी इच्छा आहे. मामा रागीट नाहीत, कंजूष नाहीत, त्यांना कसलं व्यसन नाही. उलट ते इतके प्रेमळ आहेत की त्यांच्यावर चिडायची सोयच उरत नाही, आणि माणूस चिडू शकला नाही की दुप्पट थकतो. मी अक्कलकुव्याच्या कॉलेजात कारकून आहे. माझ्या टेबलावर एक कॉम्प्युटर आहे. एवढ्या पुराव्यावर मामांनी मला विजेवर चालणाऱ्या सगळ्या वस्तूंचा जाणकार ठरवून टाकलं. गेली कित्येक वर्षं त्यांचा पंखा, त्यांचा टीव्ही आणि मुख्य म्हणजे त्यांचा मोबाइल, यांच्या सगळ्या व्याधींचा मी फॅमिली डॉक्टर आहे.

मामा पुरुषोत्तमनगरला राहतात. नोकरीभर ते तिथल्या कारखान्यात यंत्रांच्या धडधडाटात उभे होते, त्यामुळे त्यांचा आवाज कायमचा वरच्या पट्टीत जाऊन बसला आहे. फोनवर ते बोलत नाहीत, हाक मारतात. मी तर फोन कानापासून हातभर लांब धरूनच उचलतो, आणि तरी ऑफिसातल्या शिपायालाही कळतं की मामांकडे आज भरीत केलंय. शिवाय ते कधी एकदम फोन करत नाहीत. आधी एक फोन येतो, "जवाईबुवा, आते मी तुम्हले फोन करनार शे. मोकळा शेतस ना?" मी हो म्हणतो. फोन ठेवला जातो. मग खरा फोन येतो. त्यानंतर तिसरा येतो, दुसऱ्यात सगळं सांगून झालं की नाही हे विचारायला. दुसऱ्याला अवघडवू नये म्हणून ते हे करतात, असं माझी बायको सांगते. मला तिचं म्हणणं पटतं, पण तोपर्यंत दुपार गेलेली असते.

त्यांच्या आणखी दोन सवयी इथे सांगायलाच हव्यात. एक म्हणजे लॅमिनेशन. हाती आलेला कुठलाही कागद ते शहाद्याला नेऊन प्लास्टिकमध्ये बंद करून आणतात. आधार कार्ड सगळेच करतात. मामांनी डॉक्टरांची चिठ्ठी लॅमिनेट केली आहे, आमच्या लग्नाची पत्रिका केली आहे, आणि एकदा एसटीचं तिकीटही, प्रवास झाल्यानंतर. दुसरी सवय सफाईची. रोज सकाळी अंगण झाडून झालं की ते मोबाइल झाडतात. जे ओळखीचं वाटत नाही ते काढून टाकायचं, असा नियम. फोन भरला तर फुटेल अशी भीती त्यांच्या मनात कोणीतरी घातली आहे आणि ती काही केल्या निघत नाही. या सफाईत माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो गेले, बँकेचं अॅप गेलं, एकदा तर मीच गेलो. माझं नाव मी इंग्रजीत साठवलं होतं, त्यांना ते परकं वाटलं.

तर अशा मामांना त्यांच्या मुलीने जर्मनीला बोलावलं. एकुलती एक मुलगी, तिकडे नोकरीला. मामी गेल्यापासून ती मागे लागली होती. अखेर तिने तिकीटच काढून पाठवलं. वाटेत आखातात विमान बदलायचं होतं, तेव्हा वडिलांशी बोलणं व्हावं म्हणून तिने प्रवासापुरतं एक डिजिटल सिम विकत घेतलं आणि त्याचा क्यूआर कोड मामांच्या फोनवर पाठवला. मला लिहिलं, "दाजी, पाच मिनिटांचं काम आहे. प्लीज करून द्या." तिच्या त्या पाच मिनिटांवर मी एरवीही विश्वास ठेवला नसता.

मामा एसटीने अक्कलकुव्याला आले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी तो क्यूआर कोड काढला. त्याची प्रिंट काढून ती लॅमिनेट केली होती.

"सांभाळी ठेल शे," ते म्हणाले. "आते बठाडा सिम."

मी सांगितलं की बसवायचं काही नाही. हे सिम हातात घेता येत नाही, ते फोनच्या आतच असतं. मामांनी फोन उलटा केला, हलवला, कानाशी धरला. मग चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

"जे दिसस नही, ते शे कसं?"

 मी त्यांच्या फोनचा कॅमेरा त्या कोडावर धरला. प्लास्टिकवर ट्यूबलाइट चमकली. खिडकीशी गेलो तर ऊन चमकलं. बायकोने ओढणीचा आडोसा धरला, मामांनी स्वतःची टोपी धरली, तरी कोड काही वाचला जाईना. शेवटी मुलीकडून तोच कोड माझ्या फोनवर मागवला आणि माझ्या फोनवरून त्यांच्या फोनने वाचला. सिम चढलं. घामाघूम होऊन मी खाली बसलो. मामांनी स्क्रीनवर त्या नव्या सिमचं नाव पाहिलं, त्याला नमस्कार केला, चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन आला, की ते फोन करणार आहेत. मग दुसरा.

"जवाईबुवा, फोनमा कोन्हतरी परदेशी नाव व्हतं. मी काढी टाकं."

तोच कोड पुन्हा चालत नाही हे मला त्या दिवशी कळलं. मुलीने नवा घेतला. मामा पुन्हा एसटीने आले. या वेळी मी कोड त्यांना दिसूच दिला नाही. सिम चढवलं आणि त्याला त्यांच्या मुलीचं नाव दिलं, म्हणजे सफाईत तरी ते वाचावं. मामा खूश झाले. निघायला म्हणून उठले, चपला घातल्या, आणि दारातून त्यांनी सहज विचारलं, "यावरथून ताईले फोन लागी ना?"

ताई म्हणजे मामांची थोरली बहीण, माझ्या बायकोची मावशी. खापरला एकटी राहते. माझी सासू लवकर गेली, तेव्हा बायकोला वाढवलं ते याच दोघा भावाबहिणींनी. ताईंकडे बटणांचा फोन आहे. त्यात एकच नंबर आहे, मामांचा. दुसऱ्या कोणाचा फोन आला तर ताई उचलत नाहीत, घंटा थांबेपर्यंत त्याच्याकडे संशयाने बघत बसतात. खापर गुजरातच्या सीमेवर असल्यामुळे त्या फोनला कधी इकडचा टॉवर मिळतो, कधी तिकडचा. स्वयंपाकघरात ताई महाराष्ट्रात असतात आणि घरापुढच्या ओट्यावर आल्या की गुजरातेत. मामी गेल्यापासून रोज दिवेलागणीला मामा त्यांना फोन करतात. हाच एक फोन असा, की तो करण्याआधी ते दुसरा फोन करत नाहीत.

मी त्यांना बसवलं आणि समजावून सांगितलं. या नव्या सिमवर फक्त इंटरनेट आहे. त्यावरून बोलायचं तर पलीकडेही इंटरनेटचा फोन लागतो. ताईंचा तसा नाही. जुन्या सिमवरून परदेशातून बोलता येतं, पण ते महाग पडतं, मोजूनमापून बोलावं लागतं, आणि मामांचं बोलणं मोजून होत नाही.

मामांनी चपला काढल्या. खुर्चीत बसले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला.

"मंग मी नही जात."

"मामा, तिकीट काढलंय तिने."

"पोरले सांगा, बाप येत नही. ताई वाट दखी. फोन उना नही तं ती जेवत नही."

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. "मामा, तुम्ही जा. हे जातील ना रोज संध्याकाळी खापरला, यांचा फोन घेऊन."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं आयुष्य माझ्यासमोर इतक्या सहजपणे वाटून दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

मामा गेले. आखातातल्या विमानतळावरून त्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मला खरंच आश्चर्य वाटलं. ते न दिसणारं सिम चाललं होतं! पण पडद्यावर मामा नव्हते. एक मोठा केसाळ कान होता. व्हिडिओ कॉलसुद्धा त्यांनी रीतसर कानाला लावला होता, आणि त्या कानामागे कुठेतरी ते "पोचनू! पोचनू!" असं ओरडत होते. आजूबाजूची माणसं थबकली असणार.

त्यानंतर ऑफिस सुटलं की मोटरसायकल काढायची, हायवेच्या ट्रकांचा धूर खात खापर गाठायचं, ताईंच्या ओट्यावर बसायचं, असा माझा क्रम झाला. दिवसभर कॉलेजातल्या फॉर्मांनी डोकं उठलेलं असायचं आणि पाठ मोडून यायची. ताई मात्र केस विंचरून, स्वच्छ लुगडं नेसून तयार बसलेल्या असायच्या. मी फोन भिंतीला टेकवून ठेवायचो. कान यायचा. ताई त्या कानाशी बोलायच्या.

"जेवनी का ताई?"

"आते कोठे? तुन्हा फोन झाया का जेवसू."

"काय करं?"

"खिचडी."

"काल भी खिचडीच ना?"

"मंग काय जर्मनीमाईन पुरणपोळी येई का?"

बस्स, एवढंच. मग दोघं गप्प. पलीकडे ट्रामची घंटा वाजायची, इकडे शेजारच्या शेळ्या ओरडायच्या. फोन चालूच. मी पहिल्यांदा म्हणालो, "ताई, बोला ना काहीतरी." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात शिट्टी वाजवली होती.

एका संध्याकाळी फोन आला नाही. मी लावला, लागेना. थोड्या वेळाने मामांच्या मुलीचा मेसेज आला. तिकडे दुपार होती. ती जेवणाच्या सुट्टीत घरी आली तर वडील घरात नव्हते. फिरायला म्हणून एकटेच निघाले होते आणि त्यांचा फोनही लागत नव्हता. आम्हाला नंतर कळलं, त्या प्रवासी सिमची मुदत संपली होती, आणि जुनं सिम महाग पडतं म्हणून बंदच ठेवलेलं होतं. घरात वायफाय असल्यामुळे ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी फोन उलटा ठेवला. ताई म्हणाल्या, "काय झाय?"

"काही नाही. नेटवर्क नाही."

 ताईंनी आत जाऊन देवापुढे दिवा लावला आणि पुन्हा येऊन बसल्या. मी विमानं, सिम, टॉवर यांच्याबद्दल काहीबाही सांगत राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या परक्या गावात मोठमोठ्याने अहिराणीत रस्ता विचारणारे मामा होते. ताईंनी मला मध्येच थांबवलं.

"जवाई, खोटं नका बोलू. तो हरायना ना?"

मी होकारार्थी मान हलवली. त्या माऊलीने माझ्या पाठीवर हात ठेवला. धीर मी द्यायचा होता, तो त्यांनीच दिला. "लहानपने भी हरायी जाये. बाजारमा. पन एकच जागावर उभा ऱ्हाये. मी येवालोंग."

मी ते जसंच्या तसं मुलीला कळवलं, की फार लांब शोधू नकोस, ते जिथे वाट चुकले असतील तिथेच कोणी येईपर्यंत थांबले असतील. आणि मामा तसेच सापडले. घरापासून पुढच्याच ट्रामथांब्यावर, बाकावर, गुडघ्यांवर हात ठेवून. कोणाला रस्ता विचारला नाही, की आवाज केला नाही.

फोन वाजला. या वेळी तो मुलीने धरला होता, म्हणून पहिल्यांदाच पडद्यावर कान नव्हता. अख्खा चेहरा होता. कानटोपी घातलेला, थंडीने नाक लाल झालेला, भेदरलेला. ताई पुढे सरकल्या. पदराने त्यांनी स्क्रीन पुसली. बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "कितला म्हातारा व्हयी गया रे तू."

 मामांनी नुसतं नाक पुसलं. मी उगाचच शेजारच्या शेळ्यांकडे बघायला लागलो.

पुढे मामा परत आले. येताना मला एक चॉकलेटचा डबा आणि माझ्या बायकोला एक कानटोपी घेऊन आले, जी अक्कलकुव्यात कोणी कधी घालणार नाही. सफाईचा नियम पुन्हा सुरू झाला आहे. दिवेलागणीला ते पुरुषोत्तमनगरहून ताईंच्या बटणांच्या फोनवर थेट हाक मारतात, आणि मला त्यात काही काम उरलेलं नाही. संध्याकाळी मी वेळेवर घरी येतो. पाय पसरून बसतो. बायको म्हणते, आता तरी आराम मिळाला तुम्हाला. मी हो म्हणतो.

परवा ऑफिसातून निघालो तो मोटरसायकल घराकडे वळलीच नाही. ताई ओट्यावर बसल्या होत्या, कानाशी फोन. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी फक्त सरकून जागा केली, आणि मी आल्याचं मामांना सांगून फोन माझ्या हातात दिला.

"जवाईबुवा!" मामा ओरडले. "तुम्ही तठे काय करी ऱ्हायनात?"

"इकडे थोडं काम होतं," मी म्हणालो.

ताई चहा ठेवायला आत गेल्या. मामांनी पुढे काही विचारलं नाही, आणि मीही फोन ठेवला नाही.