लाँचच्या पायातलं बेअरिंग

माझ्या बोटांमधली जाण गेली, हे मी कितीतरी दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. शुगरनं आधी तळपाय बधिर केले. ते चालून गेलं, पायानं कोणी बेअरिंग बसवत नाही. मग उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं. दिसायला धडधाकट, आतून मेलेलं. अकोल्यात ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स खोलण्यात माझी हयात गेली, आणि या धंद्यात शेवटचा निवाडा बोटांचा असतो. शाफ्ट हलवून बघायचा, फिरवून बघायचा आणि ‘बसलं’ किंवा ‘नाही बसलं’ म्हणायचं. माझ्या त्या एका शब्दावर लोक लांबून सामान घेऊन यायचे. तो शब्द आता पोकळ झालाय हे मला एकट्याला ठाऊक होतं. कोणाला कळलं की आपण संपलो, ही भीती पोटात घेऊन मी रोज शटर वर करत होतो.

अशात शाळेपासूनचा माझा दोस्त एक स्टर्नड्राइव्ह घेऊन आला. तो तेल्हाऱ्याकडचा. सातपुड्याच्या पायथ्याशी धरणावर सहलीच्या लोकांना फिरवायला त्यानं समुद्रावर म्हातारी झालेली एक लाँच आणली होती. तिचं इंजीन आत पोटात, आणि मागे बाहेर पाण्यात लोंबतो तो हा स्टर्नड्राइव्ह. ॲल्युमिनियमचा जाडजूड पाय, त्याच्या पोटात गिअर आणि टोकाला पंखा. आमच्या रस्त्यावरच्या लोकांनी गर्दी करून तो पाहिला. एकानं हा कुठल्या ट्रॅक्टरचा पार्ट म्हणून विचारलंही.

“पायातलं तेल ताकासारखं पांढरं होऊन राह्यलं बे,” दोस्त म्हणाला. “पानी घुसते. दिवाळीच्या सुट्ट्यांत लाँच चालली पाह्यजे. तुह्याशिवाय कोनाले दाखवू?”

नाही म्हणायची तीच वेळ होती. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि मला मिरवायची खोड. मी ‘ठेव’ म्हणालो.

पाय खोलला. पंख्याच्या शाफ्टवर दोन ऑइल सील, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्या होत्या, दोन्ही कडक होऊन चिरलेल्या. नवे सील आणले आणि ट्रॅक्टरला बसवतो तसे बसवले, दोघांचेही ओठ, म्हणजे शाफ्टला चिकटणारी कड, आतल्या बाजूला. दोस्ताच्या शेतातल्या हौदात पाय बुडवून, मोटर जोडून चालवला, आणि तेल पुन्हा पांढरं. मला स्वतःचंच हसू आलं. आमच्या मुलखात मशीनमधलं तेल बाहेर जाऊ नये एवढीच काळजी असते. पाणी आत शिरेल, अशी धास्ती घ्यायला इथे पाणी आहे कुठे? एक सील तेल धरायला आत तोंड करून आणि दुसरा पाणी अडवायला बाहेर तोंड करून बसवायचा, ही साधी गोष्ट कोरडवाहू डोक्यात आलीच नव्हती. एक सील उलटा केला. पुन्हा हौद, आणि तेल पुन्हा पांढरं. मग मात्र हसू आलं नाही.

दुकानात कोणाची नजर नको म्हणून मी तो पाय घरी आणला आणि मागच्या पडवीत पोत्यावर ठेवला. सकाळी झाडताना बायकोनं तो सरकवायला शाफ्टला हात घातला.

“अवो, हे तं हालून राह्यलं.”

“काही हालत नाही,” मी खेकसलो. “मी पाह्यलं हाय.”

तिनं शाफ्ट धरून वरखाली केला आणि म्हणाली, “इथं पाहा.” मी डोळ्यांनी पाहिलं. बेअरिंगच्या कडेला तेलाची बारीक रेघ आतबाहेर होत होती. बेअरिंग त्याच्या घरात, म्हणजे ते बसतं त्या खोबणीत, सैल होतं, त्यामुळे शाफ्ट डगमगत होता, आणि डगमगत्या शाफ्टवर कुठलाही सील टिकत नाही. मी मात्र सीलमागून सील बदलत होतो, जखम मांडीला आणि मलम शेंडीला. हे बेअरिंग मी स्वतः हलवून पाहिलं होतं, ‘बसलं’ म्हणालो होतो.

मी तिथेच खाली बसलो. रडू आलं, आणि ते तिच्यापुढे आल्याचा रागही आला.

“चाहाचा पेला तुमाले चटकत नाही, तवाच समजलं होतं मले,” ती म्हणाली. “तुमी कधी सांगता, वाट पाहून राह्यली होती.”

आमच्याकडे सैल बेअरिंगला घरात पंचचे ठोके मारून घट्ट करायची रीत आहे. ट्रॅक्टरच्या बिडाला ते काही दिवस पुरतं. या मऊ ॲल्युमिनियमला पुरणार नव्हतं. लेथवाल्याकडून बेअरिंगचं घर मोठं करून आत बुश, म्हणजे धातूची कडी, बसवून घेतला. बेअरिंग गरम तेलात फुगवून शाफ्टवर चढवायचं होतं, तेही तिनंच चिमट्यानं धरून चढवलं. कपाटातला डायल, शाफ्टचं हलणं मोजायचं घड्याळ, काढला. इतकी वर्षं तो काढणं मला कमीपणाचं वाटायचं. पण डायल हलणं सांगतो, घासणं सांगत नाही. ते तिला विचारलं. तिनं शाफ्ट फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाली, “आता कुठंच अटकत नाही.” तिच्या चेहऱ्यावर मला हवा होता तो आनंद होता. मला तो बघवला नाही.

हौदात तेल स्वच्छ राहिलं. मग धरणावर गेलो. लाँच पाहायची म्हणून तीही आली. दोस्तानं एकट्यानं एक फेरी मारली आणि परत काठाला आला. लोक तिकिटं घेऊन उभेच होते, बायका, कडेवरची लेकरं. फेरीनंतर तेलाचा थेंब चिमटीत चोळून बघायचा, मग मिस्त्रीनं हो म्हणायचं, ही आमच्या धंद्याची रीत. दोस्तानं तळाचा नट सैल करून माझ्या बोटांवर थेंब घेतला. तेल काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. मी चोळलं. काहीच कळलं नाही, तेल की पाणी तेही नाही.

“मस्त हाय,” मी सगळ्यांसमोर म्हणालो. “बसव मंडळी.”

टाळ्या पडल्या. लोक फळीवरून आत चढू लागले. बायकोनं पुढे होऊन पदरानं माझी बोटं पुसली आणि पुसता पुसता थेंब स्वतःच्या चिमटीत घेतला. ती माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, “रव्यावानी लागून राह्यलं.”

कीस. लेथवर निघालेला धातूचा बारीक कीस बेअरिंगच्या घरात राहिला होता. मी डिझेलनं धुतलं होतं, आतून बोट फिरवून पाहिलं होतं, माझं हे बोट. तो कीस नवं बेअरिंग खाणार होता, आणि धरणाच्या मध्यात पाय अडकला असता तर लाँच लेकराबाळांसकट तिथेच राहिली असती. बायको पदर सावरून मागे सरकली. माझी लाज तिनं माझ्याच हातात ठेवली.

“उतरव सगळ्याइले,” मी ओरडलो. “तेलात कीस हाय.”

“आत्ताच तं मस्त म्हने तू!” दोस्त म्हणाला.

“मले बोटाले काही समजत नाही. लय दिवसाचं समजत नाही. बेअरिंग हिनं पाह्यलं, मी नाही.”

लोक कुरकुरत उतरले. दोस्त माझ्या हाताकडे पाहत राहिला. रागावेल, शिव्या घालेल असं वाटलं होतं, घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं नटाखाली पुन्हा बोट धरलं, थेंब घेतला आणि मला ओलांडून तिच्यापुढे केला.

“वहिनी,” तो म्हणाला, “तुमीच पाहून सांगा जरा.”